खोल्यांची दुरुस्ती : मिस्त्रीने सांगितलेली रक्कम वाजवी की अवाजवी?

रब्बीची सुगी आटोपून खळी मोकळी झाली, की शेतकऱ्याचे लक्ष घराकडे वळते. गेल्या पावसाळ्यात भिंतींना आलेली ओल, गिलाव्याचे सुटलेले पोपडे, उखडलेली जमीन ही सारी वर्षभर डोळ्यांसमोर असतातच. परंतु हाती चार पैसे आणि दोन मोकळे महिने याच वेळी मिळतात. त्यातून घरात लग्नकार्य ठरलेले असले म्हणजे दुरुस्ती पुढे ढकलण्याची सोय राहत नाही. मग गावातील किंवा बाजाराच्या गावातील मिस्त्रीस बोलावणे जाते. तो खोल्यांतून एक फेरी मारतो, भिंतीवर दोनचार ठिकाणी बोटांनी ठोकून पाहतो, आणि अंगणात येऊन एक आकडा सांगतो. घरधनी त्यातून दहावीस हजार कमी करून मागतो, मिस्त्री थोडेसे उतरतो, आणि विसार देऊन व्यवहार पक्का होतो.

या घासाघिशीत जिंकल्याचे समाधान घरधन्यास मिळते खरे. परंतु मूळ आकडा कोणकोणत्या कामांचा होता, हेच जर ठाऊक नसेल, तर कमी करून घेतलेला आकडाही फार असू शकेल. अथवा तो इतका अपुरा असू शकेल की, अर्धी भिंत गिलावून मिस्त्री दुसऱ्या कामावर निघून जाईल. दोन्ही प्रकार आपल्या गावांतून पाहावयास मिळतात, आणि दुसऱ्या प्रकारात होणारे नुकसान पहिल्याहून बहुधा मोठे असते.

शेतीच्या पत्रिकेत घरदुरुस्तीचा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, दोन्हींचा पैसा एकाच थैलीतून निघतो. खोल्यांच्या कामात अंदाजापेक्षा चाळीसपन्नास हजार रुपये अधिक गेले, की जूनमध्ये बियाणे आणि खत उधारीवर घ्यावे लागते, आणि उधारीचा भाव रोखीपेक्षा चढा असतो. गावोगावी खरिपाच्या बैठकांत भांडवल का पुरले नाही, याची चौकशी करताना ‘घराचे काम काढले होते’ हे उत्तर आम्हांस वारंवार ऐकावयास मिळते. तेव्हा हा विषय शेतीच्या हिशेबाबाहेरचा नव्हे.

शेतकऱ्यास हिशेब समजत नाही असे तर मुळीच नाही. बाजार समितीत कांदा विकल्यावर हाती येणारी पट्टी तो ओळीओळीने वाचतो. वजन किती, भाव काय, हमाली किती, तोलाई किती, हे जुळल्यावाचून तो रकमेस हात लावत नाही. बैल घेताना दात, खूर, चाल पाहिल्याशिवाय तो बोलणी करीत नाही. मात्र त्याच शेतकऱ्यापुढे मिस्त्रीने ‘दोन खोल्यांचे अमुक इतके’ असे म्हटले की तो बिचकतो, कारण बांधकाम ही आपल्या माहितीबाहेरची विद्या आहे असे त्याने मनाशी धरलेले असते. वस्तुतः फूटपट्टी आणि साधा गुणाकार येवढ्यावर यांतील बहुतेक भाग उलगडतो. मिस्त्रीकडूनही तशीच ओळीओळीची पट्टी मागावयाची, आणि ती वाचता यावी म्हणून आपली स्वतःची एक पट्टी आधी तयार करावयाची, येवढेच त्यातील सूत्र आहे.

आधी काम, मग रक्कम

नाशिक जिल्ह्यातील एका कांदा उत्पादकाच्या घराचे उदाहरण घेऊ. पाठीमागच्या दोन खोल्या, प्रत्येक आतून १२ फूट लांब व १० फूट रुंद, उंची १० फूट. भिंती भाजक्या विटांच्या परंतु मातीत रचलेल्या, वर पत्रे. एका खोलीत धान्य साठवावयाचे आणि दुसरी लग्न होऊन येणाऱ्या नव्या जोडप्यासाठी तयार करावयाची. तीन मिस्त्रींना बोलावले. पहिल्याने रु. १,१०,०००, दुसऱ्याने रु. १,६५,००० आणि तिसऱ्याने रु. २,३५,००० सांगितले. घरच्यांचा कौल अर्थातच पहिल्याकडे होता. तिसरा ‘लुबाडणारा’ ठरून त्याच्याशी बोलणेही थांबले होते.

तिघांनाही पुन्हा बोलावून, ‘या रकमेत तुम्ही नेमके काय करणार?’ इतकाच प्रश्न विचारल्यावर निराळेच चित्र दिसले. पहिला मिस्त्री जुना गिलावा न काढता त्यावरच अर्धा इंच नवा थर देणार होता, जमिनीवर दोन इंचांचा कोबा टाकून फरशी बसविणार होता, आणि जुनीच दारे सुताराकडून ठाकठीक करणार होता. दुसरा जुना गिलावा खरवडून काढणार, जमीन खोदून चार इंचांचा कोबा घालणार आणि दारेखिडक्या नव्या बसविणार होता. तिसऱ्याच्या रकमेत हे सर्व तर होतेच, शिवाय जुने पत्रे व कुजलेली वासे-लाकडे उतरवून लोखंडी नळ्यांवर नवे पत्रे घालण्याचा खर्चही होता. त्याने छपराचे सुमारे ३४० चौरस फूट धरून त्याचे रु. ७५,००० लावले होते. ते वजा करता त्याच खोल्यांच्या कामाची त्याची रक्कम रु. १,६०,००० राहिली, म्हणजे दुसऱ्याहून पाच हजारांनी कमी!

तीन निरनिराळ्या कामांच्या तीन रकमा एका रांगेत मांडून स्वस्त-महाग ठरविणे म्हणजे पोत्याचा आणि क्विंटलचा भाव शेजारी ठेवून तुलना करणे होय. यास्तव मिस्त्रीस बोलावण्यापूर्वीच काय करावयाचे ते घरी बसून कागदावर लिहावे. जुना गिलावा काढावयाचा की नाही, नवा किती जाडीचा, सिमेंट-वाळूचे प्रमाण काय, कोबा किती इंचांचा, फरशी कोणती, दारे नवी की जुनी, विजेचे दिवे-पंख्यांचे बिंदू किती, रंगाचे हात किती, राडारोडा कोण उचलणार, हे त्यात असावे. त्या कागदाची एकेक प्रत तिघांनाही द्यावी आणि प्रत्येक कामापुढे स्वतंत्र दर मागावा. अशी यादी देण्यास जो मिस्त्री राजीच नसतो, त्याच्या रकमेचा विचार करण्यात अर्थ नसतो.

मोजमाप व मालाचा अंदाज

आता आपली पट्टी. एका खोलीच्या भिंतींचा घेर ४४ फूट. १० फूट उंचीने गुणिता ४४० चौरस फूट. साडेसहा बाय तीनचे दार व चार बाय तीनची खिडकी मिळून साडेएकतीस चौरस फूट वजा जाता साडेचारशेहून कमी, म्हणजे ४०८॥ राहिले. परंतु दार-खिडकीच्या आतील कडांनाही गिलावा करावा लागतो. त्या नऊ इंच रुंदीच्या धरिल्या तर सुमारे २२॥ चौरस फूट भरतात. एकंदर ४३१ चौरस फूट. दोन खोल्यांचे ८६२. आपल्याकडे शंभर चौरस फुटांस एक ब्रास म्हणतात, त्या हिशेबाने हे साडेआठ ब्रासांहून किंचित अधिक झाले. दाराखिडक्यांची वजावट हा भांडणाचा नेहमीचा विषय आहे. पण कडा मोजल्या म्हणजे फरक किती थोडा उरतो, ते या आकड्यांवरून दिसेल. भारतीय मानकानुसार अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे सुमारे साडेपाच चौरस फुटांपर्यंतच्या भोकांची वजावट करीतच नाहीत. आपल्या कामात कोणती रीत धरावयाची हे आधी बोलून ठेवावे म्हणजे झाले.

गिलाव्याला माल किती लागतो? एकास चार या प्रमाणात अर्धा इंच जाडीच्या एका ब्रासास सुमारे एक पोते सिमेंट व पाच घनफूट वाळू लागते. पाऊण इंच जाडी असेल तर सुमारे पावणेदोन पोती व साडेआठ घनफूट वाळू. हा पाव इंचाचा फरक डोळ्यांस दिसत नाही, मात्र सिमेंटच्या खर्चात तो पाऊणपट वाढ करतो. जुना गिलावा काढलेली विटांची भिंत खडबडीत निघते, म्हणून आपल्या खोल्यांस पाऊण इंच धरणे रास्त आहे. त्याप्रमाणे १५ पोती सिमेंट आणि सुमारे ७२ घनफूट वाळू झाली.

जमीन दोन्ही खोल्यांची मिळून २४० चौरस फूट. चार इंचांचा कोबा म्हणजे ८० घनफूट. एकास चार-आठ या प्रमाणात त्यास ८ पोती सिमेंट, ३८ घनफूट वाळू आणि ७६ घनफूट खडी लागेल. फरशीखालचा माल व सिमेंटचे पाणी यांस ५ पोती आणि २३ घनफूट वाळू धरावी. फरशी भिंतीच्या कडेस चार इंच वर घ्यावयाची झाल्यास तिचे २७ चौरस फूट वाढतात; तुटफूट शेकडा ५ धरून २८० चौरस फूट. दोन बाय दोनच्या फरशीच्या पेटीत चार नग येतात व पुष्कळ जण ते १६ चौरस फूट मानतात. पण फरशी ६० सेंटीमीटरची असल्याने पेटीत प्रत्यक्षात साडेपंधराच भरतात. यामुळे १८ नव्हे, १९ पेट्या घ्याव्या लागतील.

चौकटींभोवतीची भरणी आणि सांडलवंड यांस दोन पोती अधिक धरता एकूण सिमेंट ३० पोती, वाळू दीड ब्रास, खडी सुमारे पाऊण ब्रास. येथे ब्रास म्हणजे शंभर घनफूट, हे ध्यानात असावे.

आता भाव घालू. पुढील भाव केवळ हिशेबाची रीत दाखविण्यासाठी धरलेले आहेत. वाचकांनी त्यांच्या जागी आपल्या बाजारपेठेतील त्या आठवड्याचे भाव घालावेत. सिमेंट पोत्यास ३८० रुपये धरल्यास रु. ११,४००. खडी दळून केलेली वाळू ब्रासास ५,००० धरल्यास रु. ७,५००. खडी रु. २,८००. फरशी चौरस फुटास ४५ धरल्यास रु. १३,२५०. हा माल रु. ३४,९५० चा झाला.

मजुरीचा अंदाज दिवसांवरून करावा. एक गवंडी आणि त्याच्या हाताखालचे बिगारी दिवसाकाठी सुमारे एक ब्रास गिलावा करतात. जाड व दोन हातांचा असल्यास थोडा कमी. गिलाव्याचे १०, कोब्याचे २ व फरशीचे ४ असे गवंड्याचे १६ दिवस धरू. गिलावा खरवडणे, जमीन खोदणे, माल कालवणे व वाहणे यांस बिगाऱ्याचे ३२ दिवस. गवंड्यास ९०० व बिगाऱ्यास ५५० रुपये रोज धरता रु. ३२,००० होतात. दारेखिडक्यांचे रु. ३०,०००, विजेचे बारा बिंदू रु. १२,०००, रंग रु. १५,५००, आणि परांची, वाहतूक व राडारोडा मिळून रु. ७,०००. या साऱ्यांची बेरीज रु. १,३१,४५०.

येथवर मिस्त्रीस स्वतःस काहीच मिळालेले नाही. तो माणसे जमवितो, माल आणतो, चुकले तर पुन्हा करून देतो. त्याचा मोबदला त्यास मिळावयास हवा. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरविश्लेषणात ठेकेदाराचा नफा आणि व्यवस्थाखर्च मिळून शेकडा १५ धरतात. तेच प्रमाण घेता आपली रक्कम सुमारे रु. १,५१,००० येते. म्हणजे दुसऱ्या व तिसऱ्या मिस्त्रीचे दर आपल्या अंदाजाहून शेकडा सहा ते नऊ इतकेच वर आहेत. खेड्यातील लहान कामास एवढा फरक अवाजवी म्हणता येणार नाही. शेकडा पंचवीसतीस फरक दिसला, तर मात्र कोणत्या ओळीत तो पडला ते शोधून त्याच ओळीबद्दल बोलावे. ‘एकंदरीत फार होते’ असे म्हटल्याने मिस्त्री एकंदरीतच कमी करतो, आणि ती कमी तो पुढे मालातून भरून काढतो.

पहिल्या मिस्त्रीची रक्कम आपल्या नुसत्या माल-मजुरीच्या बेरजेहूनही एकवीस हजारांनी खाली आहे. तो अप्रामाणिक होता असे नव्हे. त्याने हलके काम हलक्या दरात सांगितले होते. परंतु आपल्या कागदावरील काम तेवढ्या पैशांत कोणालाही करता येणार नाही, हेही तितकेच खरे.

सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची हेही एक उपयुक्त साधन आहे. तीत प्रत्येक कामाचा दर दिलेला असतो व ती आता संगणकावरही पाहता येते. जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागातील शाखा अभियंत्यास विचारल्यास तो आवश्यक ओळी दाखवू शकतो. तीतील दर चौरस मीटरवर असतात; एक चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट. हे दर मोठ्या सरकारी कामांस धरून बसविलेले असल्याने घरच्या दोन खोल्यांस ते तंतोतंत लागू पडत नाहीत, तथापि एखादी ओळ दुपटीने फुगलेली असल्यास ती येथे तत्काळ ओळखू येते.

रकमेत न दिसणाऱ्या गोष्टी

पाणी ही त्यांतील पहिली. आपल्याकडे ही कामे ऐन उन्हाळ्यात निघतात आणि त्याच वेळी विहिरी तळाला गेलेल्या असतात. गिलाव्यास किमान सात दिवस पाणी मारावे लागते. कोरड्या, उष्ण हवेत राखमिश्रित सिमेंटच्या काँक्रीटला दहा दिवसही. टँकरचे पाणी विकत घ्यावयाचे झाल्यास तो खर्च कोणाचा, हे बहुतेक दरपत्रकांत लिहिलेले नसते. मग मिस्त्री पाणी बेताने मारतो, घरधनी त्याकडे पाहत नाही, आणि पुढच्याच वर्षी गिलाव्यास जाळीदार भेगा पडतात. चांगले सिमेंट घेऊन पाण्यात काटकसर करणे म्हणजे उत्तम बियाणे पेरून पहिले पाणी चुकविण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट ओलीची. भिंतीच्या खालच्या दोनतीन फुटांतच पोपडे सुटले असतील, तर ओल जोत्यातून वर चढते आहे असे समजावे. बाहेरच्या अंगास साचणारे पाणी, न्हाणीचे सांडपाणी, जोत्याहून वर आलेली अंगणाची माती ही त्याची नेहमीची कारणे होत. ती दूर केल्याविना आतून कितीही भारी गिलावा केला, तरी तो टिकणार नाही. धान्याच्या खोलीबाबत याची विशेष काळजी घ्यावी, कारण धान्यातील ओलावा शेकडा बारापेक्षा वाढू लागला की किडीस व बुरशीस वाव मिळतो. ज्या मिस्त्रीने ओलीचे कारण विचारले किंवा बाहेरून चक्कर मारून पाहिली, त्याच्या दोनपाच हजार अधिक मागण्यास मी तरी वाजवी म्हणेन.

भिंती पांढऱ्या मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या असतील, तर सिमेंटचा गिलावा सुचविणाऱ्या दरपत्रकाकडे सावधपणे पाहावे. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते; वर सिमेंटचा कठीण थर बसला की ओल आत कोंडते व काही काळाने तो थर पापुद्र्यासारखा सुटतो. अशा भिंतींस माती-चुन्याचा गिलावा अधिक मानवतो आणि खर्चही बहुधा कमी येतो. मात्र तो करणारे कसबी हात आता थोडे राहिले आहेत, ही अडचण आहे.

याहून गंभीर प्रश्न छपराचा आहे. मराठवाड्यात आणि सोलापूरकडे माळवदाची घरे पुष्कळ आहेत. ‘माळवद काढून स्लॅब टाकू’ असे एका ओळीत सांगून मिस्त्री मोकळा होतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात जी घरे कोसळली, त्यांतील बहुसंख्य घरांच्या भिंती दगड-मातीच्या जाड रचनेच्या होत्या व वर मातीचे जड छप्पर होते. मातीत रचलेल्या भिंतीवर काँक्रीटचे ओझे ठेवण्याचा सल्ला कोणी स्वस्तात देत असेल, तर तेथे दराचा विचार बाजूस ठेवून आधी अभियंत्याचे मत घ्यावे.

जुन्या साहित्याचाही हिशेब हवा. सागवानी चौकटी, तुळया, जुने पत्रे, शहाबादी फरशा यांस किंमत येते. राडारोडा उचलण्याच्या नावाखाली हे सारे ट्रॉलीत भरून गेले, तर मिस्त्रीस त्याचा लाभ होतो आणि घरधन्यास कळतही नाही. काय ठेवावयाचे आणि काय द्यावयाचे, ते कागदावर असावे.

माल कोणी आणावा?

ठेका दोन प्रकारांनी देतात : मालासकट, किंवा नुसत्या मजुरीचा. मजुरीच्या ठेक्यात मिस्त्रीस मालातून काही मिळत नाही, म्हणून शेतकऱ्यास तो बरा वाटतो. पण घरधनी रोज हजर नसेल तर माल वाया फार जातो. ज्यांची उन्हाळी पिके उभी आहेत, त्यांनी मालासकटच ठेका द्यावा, हे माझे मत. दोन्हींपैकी काहीही केले तरी मोजणी सोडू नये. वाळूची ट्रॉली रिकामी होण्यापूर्वी आतील लांबी, रुंदी व मालाची उंची फुटांत मोजून गुणाकारास शंभराने भागले की ब्रास मिळतात. ‘एक ब्रासची ट्रॉली’ हे नाव झाले. ते माप असेलच असे नाही. शिवाय ओलसर वाळू फुगते व सुमारे पावपटीपर्यंत जास्त दिसू शकते. एका सरळ डब्यात ती भरून वर पाणी ओतावे व ढवळावे. वाळू जितकी खाली बसेल तितकी तिची फुगवण समजावी.

सिमेंटच्या पोत्यावर भरल्याचा आठवडा व वर्ष छापलेले असते. तीन महिने पडून राहिलेल्या सिमेंटचे बळ सुमारे पाचव्या हिश्शाने घटते, म्हणून जुने पोते स्वस्तात मिळाले तरी घेऊ नये. आणि रिकामी पोती कामाच्या जागीच ठेवण्यास सांगावे. तीस पोत्यांच्या कामात शेवटी बावीसच रिकामी सापडली, तर भिंतीत काय गेले ते निराळे विचारण्याची गरज पडत नाही. सिमेंटवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून शेकडा २८ वरून १८ झाला आहे. त्याआधीचे जुने भाव धरून कोणी दर देत असल्यास ते दाखवून द्यावे. मिस्त्रीने आपल्या रकमेवर निराळा कर लावल्यास त्याचा नोंदणी क्रमांक मागावा. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल वीस लाख रुपयांच्या आत असल्यास सामान्यतः नोंदणी सक्तीची नाही, आणि नोंदणी नसलेल्यास असा कर वसूल करता येत नाही.

पैसे देण्याची रीत

भिंत खरवडल्यावर आत काय निघेल, हे मिस्त्रीसही आधी ठाऊक नसते. विटा झिजलेल्या निघतील, चौकटीवरची तुळई वाळवीने पोकळ केलेली आढळेल. म्हणून जुन्या घराच्या कामात एक ठोक रक्कम ठरविण्यापेक्षा प्रत्येक कामाचा दर ठरवून शेवटी प्रत्यक्ष मोजमापाप्रमाणे पैसे देणे दोघांच्याही हिताचे होते. ठोक रकमेत मिस्त्री या अनिश्चिततेची भरपाई आधीच लावून ठेवतो. काही न निघाले तरी ती त्याच्याकडेच राहते. घरधन्याने मात्र अशा आकस्मिक खर्चासाठी अंदाजाच्या शेकडा दहा रक्कम स्वतःजवळ निराळी ठेवावी व तिचा उल्लेख बोलण्यात करू नये.

उचल पहिल्या आठवड्याच्या मजुरीला आणि पहिल्या खेपेच्या मालाला पुरेल इतकीच द्यावी. नंतरचे हप्ते खरवडणे व कोबा, गिलावा, फरशी, रंग असे टप्पे पुरे झाल्यावर द्यावेत. दिलेल्या प्रत्येक रकमेची नोंद एका वहीत दोघांच्या सह्यांनी करावी. शेवटची शेकडा पाच ते दहा रक्कम पहिला पाऊस होईपर्यंत राखून ठेवण्याची अट आधीच सांगावी. सरकारी कामांतही अनामत अशीच ठेवतात. पुष्कळ मिस्त्री या अटीस नाखूष असतात व त्यांचे कारण अगदीच खोटे नसते, कारण पाऊस पडून गेल्यावर ही रक्कम बुडविणारे घरधनीही गावात असतात. अशा वेळी ती दोघांच्या विश्वासातील तिसऱ्या इसमाकडे ठेवल्यास हरकत राहत नाही.

दर मागविण्याची वेळही महत्त्वाची आहे. फाल्गुनानंतर सगळ्या गावाची कामे एकदम निघतात, त्यात लग्नसराई. गवंड्यांचे रोज चढतात व एकेक मिस्त्री चार घरी उचल घेऊन बसतो. दिवाळीनंतर, मार्गशीर्ष-पौषात तिघांकडून लेखी दर मागवावेत, हे दर किती तारखेपर्यंत कायम राहतील ते त्यांच्याकडून लिहून घ्यावे, आणि त्या मिस्त्रीने गेल्या दोन वर्षांत केलेली एकदोन घरे स्वतः जाऊन पाहावीत. पाहताना भिंतीच्या मधोमध न पाहता खालचा कोपरा, चौकटीची कड आणि न्हाणीलगतची बाजू पाहावी, आणि त्या घरातील बाईमाणसांना पावसाळ्यात काय झाले ते विचारावे.